लग्नाचा मेनू ठरवताना आधी महिना विचारा

माझ्या पुतणीचं लग्न मार्गशीर्षात होतं, जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या आमच्या गावी. केटररने दादासमोर मेनूकार्ड ठेवलं. पनीरच्या दोन भाज्या, मशरूम, बेबी कॉर्न, पास्ता आणि गोडात आमरस. डिसेंबरात आमरस, म्हणजे डब्यातल्या गराचा! आणि मंडपापासून हाकेच्या अंतरावर शेतात भरताची वांगी लगडलेली.

मी म्हटलं, "भरीत करू या." केटरर लगेच म्हणाला, "कोपऱ्यात एक खान्देशी काउंटर लावून देतो ना."

मला तेच नको होतं. आपलं जेवण कोपऱ्यात, शोभेच्या बैलगाडीशेजारी, फोटोपुरतं. ते मुख्य ताटात का नाही? जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याच तालुक्यातल्या बामणोदची वांगी लोक हौसेने पुण्या-मुंबईला नेतात. आणि आम्ही आमच्याच लेकीच्या लग्नात ते वाढायला लाजायचं?

दादाची अडचण मला कळत होती. "व्याही पुण्याचे. भरीत-भाकरीवर भागवलं म्हणतील." लेकीच्या बापाची ही भीती खरी असते, तिला हसू नये. पण आपल्या जुन्या लोकांनी मुहूर्त आणि ताट एकमेकांना धरून ठेवलं होतं. कितीतरी घरांत चातुर्मासात वांगं-कांदा-लसूण वर्ज्य असतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि वांगं पुन्हा घरात येतं. नेमकी तेव्हाच त्याला खरी चव असते. मग त्या महिन्यातल्या लग्नात पाहुण्याला तेच वाढणं हा त्याचा मान नाही तर काय?

शेवटी दादा तयार झाला. ताट असं ठरलं: भरीत, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, मेथीची भाजी, वरण-भात आणि गोडात खापरावरचे मांडे, तूप-दूध घालून. सतरा पदार्थांवरून सातवर आलो.

हे सोपं होतं असं मी म्हणणार नाही. चारशे माणसांसाठी शंभर किलो वांगी एका सकाळी बाजारात मिळत नाहीत, मिळाली तर भाव चढलेला असतो. आम्ही दीड महिना आधी शेतकऱ्याशी बोललो, भाव ठरवला, थोडी उचल दिली. तुरीच्या शेंगा सोलायला आदल्या दिवशी अख्खी गल्ली बसली. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली. गॅसवर ती चव येत नाही, यावर मी अडून बसलो होतो. मांडे करणाऱ्या बायकांना मात्र घासाघीस न करता त्यांनी सांगितली ती मजुरी दिली. पोळी हातावर फिरवत मोठी करून तापल्या खापरावर टाकायची, हे कसब पास्ता ढवळण्याइतकं स्वस्त नाही.

पानांचंही तेच. आपला जिल्हा केळीचा. राज्यात २०१८पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर चकचकीत कागदी प्लेटांचा ढीग दिसतोच. आम्ही घड उतरवलेल्या बागेतली पानं आणली. वाऱ्याने फाटलेली बाजूला काढावी लागतात, म्हणून दीडपट कापली. उष्ट्यासकट सगळी खताच्या खड्ड्यात गेली.

बुफे न ठेवता पंगत बसवली. वाढणारा विचारून वाढतो, माणूस "बस" म्हणतो, अन्न पानात पडून राहत नाही. शेवटी उरलं ते दोन पातेली वरण आणि थोडा भात. रात्री घरच्यांनी खाल्लं.

व्याह्यांनी भरीत तीनदा मागून घेतलं. निघताना विहीणबाई पुतणीच्या आईला हळूच विचारत होत्या, "कळण्याचं पीठ कुठे दळून मिळेल?"

तुमच्याकडे वैशाखात लग्न असेल तर खुशाल आमरस करा, कैरीचं पन्हं करा. पण तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल, तर वांगीवाल्या शेतकऱ्याला आत्ताच फोन करा.