मशीन जुलैसाठी घ्या

गवत कापायचं मशीन जानेवारीत घेऊ नका. घेतलंत तरी जानेवारीतलं गवत डोळ्यांसमोर ठेवून घेऊ नका. मला सांगायचंय ते एवढंच, पण इथंच थांबले तर "ताई, नेमकं कुठलं घेऊ ते सांगा की" म्हणून परत मेसेज येणार. महिन्याभरात चौघांनी विचारलंय. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं घर कोल्हापूरच्या नागाळा पार्कात. पुढच्या अंगणात वीस बाय तीस फुटांचं लॉन, कडेला दोन नारळ, एक पारिजातक, आणि बरोब्बर मधोमध मामांनी (म्हणजे सासऱ्यांनी) हट्टानं ठेवलेलं तुळशीवृंदावन. लॉन म्हणजे तरी काय, आधीपासून असलेली हरळीच. नियमानं कापायला लागलो तेव्हापासून तिला लॉन म्हणायला लागलो.

ही हरळी डिसेंबर ते मे एकदम गरीब गाय. तीन आठवड्यांनी एकदा हात फिरवला तरी चालतं. वळीव पडला की मान वर काढते, मृगात अंगात येतं आणि जुलैत आठ दिवस दुर्लक्ष केलं तर घोटा बुडतो. शिवाय सतत ओली. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, धो-धो येऊन मोकळा होईल असा तो नाही. दिवसभर भुरभुर, मध्येच झोडपणं, आणि कधीतरी दुपारी अर्धा-पाऊण तास उघडीप. त्या उघडिपीत मशीन बाहेर यायला हवं, काम व्हायला हवं आणि मशीन आत जायला हवं. मशीन घेताना एवढं एकच चित्र डोळ्यांपुढं ठेवा. बाकीचं निम्मं आपोआप ठरतं.

आमचं पहिलं मशीन आम्ही ऐन थंडीत, ऑनलाइन, फोटो बघून घेतलं. निवड अर्थातच आमच्या अहोंची. पुरुष माणूस मशीन बघायला बसला की सगळ्यात मोठा आकडा शोधतो. विहिरीवर मोटर बसवायची असल्यासारखं "वॅट किती, एचपी किती". १६०० वॅट, ४० सेंटिमीटर रुंदीचं पातं, वायरवालं. आल्या आल्या पहिला घोळ प्लगचा. १६०० वॅटला २३० व्होल्टवर साधारण सात अँपिअर लागतात आणि आमच्या व्हरांड्यातला पॉइंट साधा सहा अँपिअरचा. दुसऱ्याच वेळी सॉकेट तापून पिवळं पडलं. मग सोळा अँपिअरचा पॉइंट काढून घेतला, त्याचा खर्च वेगळा. १२०० वॅटचं घेतलं असतं तर पाच-सव्वापाच अँपिअरमध्ये भागलं असतं. हरळीला त्याहून जास्त जोर लागत नाही. लागतो तो धारेचा अभाव भरून काढायला.

आता रुंदीचा हिशोब. हा मी नंतर वहीत मांडला, आधी मांडायला हवा होता. ३२ सेंटिमीटरचं पातं असेल तर पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून हाती २८ लागतात. आमच्या लॉनला त्या मापानं बावीस फेऱ्या होतात, म्हणजे जेमतेम दोनशे मीटर चालणं. ४० सेंटिमीटरच्या मशीननं सतरा फेऱ्या, दीडशे मीटरच्या थोडं वर. वाचलं किती, तर पंचेचाळीस मीटर! एवढ्यासाठी आम्ही जास्त पैसे दिले, चार-पाच किलो जास्त वजन ओढलं, आणि ते धूड तुळशीवृंदावन आणि नारळाच्या मधल्या बोळात शिरायचं नाही ते नाहीच. तिथलं गवत शेवटपर्यंत मी विळ्यानं कापलं. हजार फुटांच्या आत लॉन असेल तर ३२-३४ सेंटिमीटरच्या वर जाऊच नका. घरातली सगळ्यात अरुंद जागा मोजा आणि ते माप कागदावर लिहून दुकानात घेऊन जा.

लाइट बिलाची काळजी कुणी करत असेल तर सोडा. १२०० वॅटचं मशीन पंधरा मिनिटं चाललं तर पाव युनिटच्या थोडं वर जळतं.

वायरचं मात्र नीट सांगायला पाहिजे. जुलैतलीच गोष्ट. उघडीप पडली म्हणून मी घाईनं मशीन काढलं. वायर मागं ओल्या गवतात लोळतेय, मी वळवताना बघितलं नाही आणि पात्यानं ती पकडली. फट् आवाज आला आणि घरातला आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) पडला. मी चप्पल घालून ओल्या गवतात उभी. तो आरसीसीबी आम्ही गीझर बसवताना लावला होता, लॉनसाठी कुणी लावला नव्हता. अनेकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे झालं. एमसीबी वायरिंगला वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, तोसुद्धा ३० मिलिअँपिअरचा. आणि "आमचं अर्थिंग चांगलंय" हेही इथं कामाचं नाही, कारण यातली बरीचशी मशीनं डबल इन्सुलेशनची असतात. चौकोनात चौकोन अशी खूण असते बघा. त्यांना अर्थिंगची वायरच नसते. मशीन सुरक्षित असतं हो, पण कापलेल्या वायरचं उघडं टोक गवतात पडलं की त्याला मशीनचं इन्सुलेशन काय करणार?

वायरवालं घ्यायचंच असेल तर वायर भगवी किंवा पिवळी बघा, हिरव्या गवतात काळी दिसत नाही. प्लगच्या जवळून सुरुवात करून लांब लांब जायचं, वायर नेहमी कापून झालेल्या बाजूला, खांद्यावरून मागं सोडलेली. आणि ओल्या गवतात चालवायचंच नाही. कंपनीही पुस्तकात हेच लिहिते. म्हणजे बघा, ज्या चार महिन्यांत मशीनची खरी गरज त्याच चार महिन्यांत ते वापरू नका असं सांगणारं मशीन आपण कोल्हापुरात विकत घेतो.

मग २०२१ च्या जुलैतला पूर. नागाळा पार्कातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. पाऊस लागला की आमच्याकडं तासातासाला एकच प्रश्न, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ. २०१९ च्या अनुभवानं शहाणे झालो होतो, त्यामुळं तांदळाची पिंपं, गाद्या, फ्रिज, मामांचा रेडिओ, सगळं वेळेत माडीवर गेलं. जिन्याखालचं मशीन कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. लक्षात आलं असतं तरी ते धूड जिन्यावरून चढवलं कुणी असतं? पाणी ओसरल्यावर लॉनवर बोटभर गाळ आणि मशीनमध्ये त्याहून जास्त.

भंगारात काढायच्या आधी मी ते उद्यमनगरात, म्हणजे आमच्याकडच्या वर्कशॉपच्या भागात नेलं. मिस्त्रींनी उघडलं, हुंगलं (खरंच हुंगलं), म्हणाले, "वैनी, मोटर भरावी लागंल. पण हुतंय की." चार दिवसांनी मोटर भरून (म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून), कार्बन बदलून, पात्याला धार लावून मशीन चालू! आपल्या गावाचं हे सुख आहे. शेतीची इंजिनं आणि मोटारी करणाऱ्या-भरणाऱ्या हातांचं गाव आहे हे. वायरच्या मशीनमध्ये तांब्याची मोटर, एक स्विच आणि एक पातं, याच्यापलीकडं फारसं काही नसतं. त्यामुळं ते इथं मरत नाही.

बॅटरीच्या मशीनचं तसं नाही, आणि हे बॅटरीवालं वापरणारी मीच सांगतेय. तीन वर्षांपूर्वी मी ३६ व्होल्टचं, ३३ सेंटिमीटरचं घेतलं. आत सगळं इलेक्ट्रॉनिक्स. ते बुडालं तर उद्यमनगरही हात जोडेल. बॅटरी पाच-सहा वर्षांनी मान टाकेल तेव्हा नवीचा खर्च अंगावर येणार, तो मी आत्ताच मनात धरून ठेवलाय. तरीही मी बॅटरीच्याच बाजूनं आहे. कारण वायर नाही. ढग पांगले की बॅटरी खुपसायची, लिव्हर दाबायची, सुरू. थेंब पडला की एका हातानं उचलून आत. ज्यांनी उघडिपीमागं पळापळ केलीय त्यांना याची किंमत कळेल. आणि पाणी चढायला लागलं तर मी एकटी ते माडीवर नेऊ शकते. दुकानात मी पहिल्यांदा मशीन उचलूनच बघितलं. दुकानदाराला वाटलं बाईंना काही कळत नाही.

ओलं गवत बॅटरीवाल्यालाही आवडत नाही हे खरं. पात्याखाली गोळे होतात, गवताचा डबा अर्धाही न भरता तोंड तुंबतं. पानांवरचं पाणी निथळू द्यावं, उंची एक खाच वर ठेवावी, सावकाश ढकलावं. झाल्यावर बॅटरी काढून (आधी बॅटरी, मग हात, हा क्रम चुकवू नका) खालचा चोथा लाकडी उलथन्यानं खरवडावा.

बॅटरीचा आकडा वाचताना फसू नका. नुसते व्होल्ट काही सांगत नाहीत. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे १४४ वॅट-तास. एवढ्यात माझं सहाशे फुटांचं लॉन थंडीत दोनदा होतं, जुलैत एकदाच. बॅटरी सुटी मिळते का, केवढ्याला, आणि चार्जर सोबत आहे की वेगळा, हे तीन प्रश्न पैसे द्यायच्या आधी. खोक्यावरच्या किमतीत बॅटरी नसलेलं मशीन विकायची एक नवी पद्धत निघालीय, सांभाळा. बॅटरी एप्रिलमध्ये गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवू नका. बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धी भरून घरात ठेवा.

पात्याचे प्रकार दोन. आपल्याकडं मिळणारी बहुतेक मशीनं पंख्यासारखं पातं फिरवणारी. ती गवत कोयत्यासारखं हाणून तोडतात. दुसरं रिळाचं. त्यात फिरतं पातं खालच्या स्थिर पात्याला घासून जातं आणि गवत कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. कडबाकुट्टी बघितली असेल त्याला लगेच कळेल. रिळाची कापणी देखणी, पण उंच ओल्या गवतात ते अडतं. म्हणून पुन्हा तेच, जुलै.

गंमत म्हणजे मूळ शोध रिळाचाच. इंग्लंडमधल्या एडविन बडिंगनं १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो कापड गिरण्यांच्या भागातला. लोकरीच्या कापडावरची लव सारखी कातरणारं यंत्र बघून त्याला वाटलं, हे गवतावर का नाही चालणार? इचलकरंजीच्या कुणी मागावर उभं राहून असलं काही शोधलं असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं. याच बडिंगला स्क्रू पान्याच्या शोधाचंही श्रेय देतात, म्हणजे माणूस उद्यमनगरातच शोभला असता.

आपोआप फिरणारे रोबोटही आलेत. आमच्या गल्लीतली कुत्री त्याचं काय करतील या कल्पनेनंच मी पुढचं वाचलं नाही.

दुकानात गेलात तर हँडल सोडून बघा. लिव्हर सोडल्यावर पातं दोन-तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे, आणि चालू व्हायला बटण आणि लिव्हर दोन्ही दाबावं लागलं पाहिजे. नुसत्या एका बटणावर चालणारं मशीन फुकट दिलं तरी घरात आणू नका, विशेषतः घरात पोरं असतील तर. दुसरं, हँडलची उंची. अहो साडेपाच फूट, मी पाच फूट. पहिल्या मशीनचं हँडल त्यांच्या मापाचं घेतलं आणि तीन वर्षं ढकललं मी. जो कापणार त्यानंच हँडल धरून बघायचं.

कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त छाटू नका. "एकदाच बारीक करून टाकू, महिनाभर बघायला नको" हा आमच्याकडचा लाडका विचार. त्यानं हरळी पिवळी पडते आणि मोकळ्या जागेत लव्हाळा घुसतो. लव्हाळा वरून कापून जात नाही, खाली गाठी असतात त्याच्या. तिथं खुरपंच. पात्याची धार गेली की गवताची टोकं फाटून पांढरट दिसतात. तेव्हा धार लावून आणा. वस्तऱ्याची नको, विळ्याची पुरे. आणताना पातं मध्यावर खिळ्याला अडकवून बघा, एका बाजूला कललं तर मशीन थरथरणार.

कापलेला चुरा म्हशीला घालायचा बेत मामांचा होता. आमच्या गवळ्यानं हात लावून बघितला आणि नको म्हणाला. या बारीक ओल्या चुऱ्याचा ढीग तासाभरात आतून गरम होतो, जनावराला बाधतो. विळ्यानं कापलेलं लांब गवत मात्र तो आनंदानं नेतो. आता थंडीत चुरा तसाच लॉनवर सोडते, खतच ते. पावसाळ्यात नारळाच्या बुंध्याशी पातळ पसरते.

आणि एक कोपरा कापायचा नाही. हरळी म्हणजेच दूर्वा. पहिल्या वर्षी मी कौतुकानं सगळं लॉन गालिच्यासारखं करून ठेवलं आणि गणपतीच्या सकाळी शेजारच्या काकी परडी घेऊन दारात. एकवीस सोडा, तीन पानांची एक जुडी निघेना. काकी काही बोलल्या नाहीत, नुसत्या लॉनकडं बघत राहिल्या. तेव्हापासून पारिजातकाखालचा चार फुटांचा तुकडा श्रावणापासून राखीव.

जुनं १६०० वॅटचं मशीन माळ्यावर पडून आहे. मोटर भरलेली, वायर पूर्ण नवी टाकलीय, पाण्यात बुडून आलंय हे आधीच सांगते. मोठं, सपाट, मध्ये तुळस नसलेलं लॉन असेल त्यांनी मेसेज करा. आरसीसीबीचा फोटो पाठवला तरच देणार.