‘पुणेकर बसमध्ये बसणारच नाही’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आणि नातेवाइकांचा ग्रुप, या तिन्हींवर एकच लांबलचक संदेश माझ्याकडे आला. कुणी लिहिला ते माहीत नाही, पण पाठवणारी माणसं माझीच आहेत आणि त्यांचा वैताग खरा आहे. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: पुणेकराच्या रक्तातच दुचाकी आहे, तो बसमध्ये बसणार नाही. पीएमपी, म्हणजे शहराची बससेवा, तोट्यात आहे, तिच्यावर पैसे उधळू नका. मेट्रो रिकामी धावते. बीआरटी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिका, फसली. रस्ते रुंद करा, उड्डाणपूल बांधा, ट्रॅफिक सुटेल. आणि मेट्रोच्या नावाखाली इमारतींखाली दुकानं आणि वर टॉवर आणू नका, शांत वस्त्यांचा बाजार होईल.

मी एकेका मुद्द्याला उत्तर देतो आहे. क्रम मात्र माझा आहे. रक्तातल्या दुचाकीचं उत्तर सगळ्यात शेवटी देईन.

‘पीएमपी तोट्यात आहे.’

हो, आहे. बस चालवण्याच्या खर्चात येणारी तिची तूट दोन्ही महापालिका भरून देतात, पुणे 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के. पण तोटा हा शब्द आपण फक्त बसलाच का लावतो? सिंहगड रस्त्यावरचा उड्डाणपूल 2024 आणि 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला. तो नफ्यात आहे की तोट्यात, असं कुणी विचारलं का? त्यावर टोल नाही, तिकीट नाही. तो सगळ्यांच्या करातून झाला, कधीच गाडी न चालवणाऱ्यांच्या करातूनही. पुलावरच्या खर्चाला आपण ‘विकास’ म्हणतो आणि बसवरच्या खर्चाला ‘तोटा’. माझ्या मते या संदेशातली सगळ्यात मोठी चूक ही आहे, कारण बाकीचे सगळे निष्कर्ष याच हिशेबातून निघतात.

तोटा कमी करायचा म्हणून भाडं वाढवलं की काय होतं, तेही पाहू. 1 जून 2025 पासून पीएमपीचं भाडं वाढलं. 40 रुपयांचा दैनंदिन पास 70 रुपयांचा झाला. नवराबायको दोघं मिळून कामाला जात असतील तर आता स्कूटरच स्वस्त पडते. त्या घराने स्कूटर काढली तर त्यांचा हिशेब बरोबरच आहे. पण मग त्याला पुणेकराचा स्वभाव म्हणू नये.

‘लोकांना बस नकोच आहे.’

रोज 10 लाखांच्या आसपास प्रवासी पीएमपीने जातात. ताफा 2000 बसच्या आसपास, म्हणजे एका बसमागे दिवसाला सुमारे 500 माणसं. नको असलेल्या गोष्टीच्या दाराला लोक लोंबकळत नाहीत. सकाळी साडेआठला कात्रजहून किंवा हडपसरहून निघालेल्या बसमध्ये शिरून पाहा.

आता पुरवठ्याकडे पाहू. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या मानकांनुसार लाख लोकसंख्येमागे 60 बस असतील तर सेवा पहिल्या दर्जाची मानली जाते. 2011 च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सुमारे 48 लाख लोक होते. त्या जुन्या आकड्यालासुद्धा 2900 बस लागतात. त्यानंतर पुणे महापालिकेत 2017 साली 11 गावं आली, 2021 साली आणखी 23 आली. शहर वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूसपर्यंत पसरलं. बस मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. अर्ध्या तासाने येणारी आणि आली की शिरता न येणारी बस लोकांनी सोडली, तर त्यांनी बस नाकारली असं म्हणता येत नाही. दर दहा मिनिटांनी येणारी बस त्यांनी अजून पाहिलेलीच नाही.

संदेशातली एक गोष्ट मी बिनशर्त मान्य करतो: आजच्या पीएमपीवर भरवसा ठेवून परीक्षेला किंवा मुलाखतीला निघण्याची हिंमत होत नाही. ज्यांना ही हिंमत होत नाही त्यांच्यावर माझा राग नाही. बस थांब्यावर छप्पर नाही, पुढची बस किती मिनिटांत येईल याचा पत्ता नाही, बस बंद पडली तर पर्याय नाही. पण यातून ‘बस वाढवा आणि वेळेवर चालवा’ असा निष्कर्ष निघायला हवा. ‘बस सोडून द्या’ असा निघत नाही.

‘बीआरटी फसली.’

स्वारगेट-कात्रज आणि हडपसरच्या रस्त्यांवर डिसेंबर 2006 मध्ये प्रायोगिक मार्ग सुरू झाला तेव्हा तो अर्धवट होता. मार्गिका सलग नव्हत्या, खासगी गाड्या आत घुसत होत्या, रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत पोचायला सुरक्षित वाट नव्हती. 2015 मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्ग ‘रेनबो’ नावाने बऱ्याच सुधारणांसह सुरू झाला, पुढच्या वर्षी नगर रस्त्यावर आला. आणि नगर रस्त्यावरची मार्गिका आपण काही वर्षांत उखडून टाकली, कारण शेजारच्या लेनमध्ये अडकलेल्या मोटारींना ती रिकामी दिसत होती.

मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण ‘रिकामी दिसणं’ हाच घोळ आहे. बसची मार्गिका रिकामी दिसायलाच हवी, नाहीतर बस अडकेल. एका बारा मीटरच्या बसमध्ये 50 माणसं धरा. तीच 50 माणसं दुचाकीवर बसवली तर 40 तरी दुचाकी लागतील, मोटारीत बसवली तर 30-35 मोटारी. तेवढ्या मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर रांग दीडशे मीटरच्या वर जाते. दोन मिनिटांनी एक बस गेली तरी त्या मार्गिकेतून तासाला दीड हजार माणसं जातात, आणि बघणाऱ्याला ती बहुतेक वेळ मोकळीच दिसते. मोजायची कशी, याच्यावर सगळं ठरतं. आपण गाड्या मोजल्या, माणसं मोजली नाहीत.

‘उड्डाणपूल बांधा, ट्रॅफिक सुटेल.’

विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल आठवा. ट्रॅफिक सुटावं म्हणूनच बांधले होते. 2020 च्या जुलैमध्ये ते पाडले, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी. जेमतेम दीड दशकात बांधलेलं पाडून पुन्हा बांधायची वेळ आली. चांदणी चौकातला जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरमध्ये स्फोटाने पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवी पुलांची गुंतवळ खुली झाली. महामार्गाच्या जोडावर तशा कामाची गरज होती, हे मी मानतो. पण शहराच्या आतली गोष्ट वेगळी आहे. नळ स्टॉपचा दुमजली पूल 2022 मध्ये सुरू झाला आणि कोंडी पुलाच्या दोन्ही टोकांना जाऊन उभी राहिली. पूल सिग्नल ओलांडून देतो, पण पुढचा रस्ता होता तेवढाच राहतो.

आणि रुंद रस्ता फार काळ मोकळा राहत नाही. तो झाला की त्याच्या पलीकडच्या जमिनीवर ‘अमुक चौकापासून दहा मिनिटं’ अशी जाहिरात लागते, तिथे हजार घरं होतात, त्या हजार घरांना दुसरा मार्गच नसल्याने दीड हजार गाड्या येतात, आणि पाच वर्षांत आपण पुन्हा रुंदीकरण मागतो. 2018 साली पुण्यातल्या वाहनांची संख्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याची बातमी आली होती. त्याच वर्षी महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावण्याचं धोरण मंजूर केलं, आणि ते कागदावरच राहिलं. सार्वजनिक रस्त्याचा तुकडा खासगी गाडीला रात्रंदिवस फुकट द्यायचा आणि मग रस्ता अरुंद आहे म्हणायचं, हे मला पटत नाही.

‘मेट्रो रिकामी धावते.’

मार्च 2022 मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा दोन तुटके तुकडे होते: वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी. एकमेकांना न जोडलेले. तेव्हा ती रिकामी होती, लोक हौसेने एक फेरी मारून यायचे. ऑगस्ट 2023 मध्ये दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालयाशी जोडले गेले, सप्टेंबर 2024 मध्ये कसबा पेठ आणि मंडईखालून स्वारगेटपर्यंत भुयारी मार्ग सुरू झाला. 2025 च्या विसर्जनाच्या दिवशी 5 लाखांहून अधिक लोकांनी मेट्रोने प्रवास केला. तो अपवादाचा दिवस होता, रोजचा आकडा त्याहून बराच कमी आहे. पण त्या दिवशी रस्ते बंद होते, मेट्रो उशिरापर्यंत धावत होती आणि तिचं स्थानक लोकांना जिथे जायचं होतं तिथेच होतं. रक्तात दुचाकी असलेला पुणेकर त्या दिवशी निमूट रांगेत उभा राहिला.

इतर दिवशी त्याला अडवतो तो स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर. फूटपाथ सलग नाही, जोडबस नाही, रिक्षावाले जवळचं भाडं नाकारतात.

‘दुकानं आणि टॉवर आणू नका, शांतता जाईल.’

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा, कारण मी पेठेत वाढलो. खाली किराण्याचं दुकान, शेजारी छापखाना, वर आम्ही. शाळा चालत, मंडई चालत, दवाखाना कोपऱ्यावर. आजी ऐंशीव्या वर्षीही स्वतः भाजी आणायची, कारण रस्ता ओलांडला की भाजी होती. आज माझ्या ओळखीतल्या कितीतरी आजी-आजोबा ‘शांत’ सोसायटीच्या गेटच्या आत अडकून पडले आहेत. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी कुणीतरी गाडी काढावी लागते. ज्या गोष्टीला नगररचनेत ‘मिश्र वापर’ म्हणतात ती पुण्याने बाहेरून आणायची गरज नाही. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, अप्पा बळवंत चौक हे सगळं तेच आहे.

‘मग पेठेत ट्रॅफिक का?’ असा प्रश्न लगेच येईल. पेठेतला रहिवासी मंडईत गाडी घेऊन जात नाही. गाड्या आणतात ते बाहेरून खरेदीला येणारे, कारण त्यांच्या भागात बाजार नाही आणि इथे यायला भरवशाची बस नाही. 2021 पासून महापालिका 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करते. त्या दिवशी तिथे जाऊन या. लहान मुलं रस्त्याच्या मधोमध चालताना दिसतील.

उलट चित्र हिंजवडीचं. एका बाजूला फक्त कार्यालयं, आणि तिथे काम करणारे खराडीपासून धायरीपर्यंत पसरलेले. सकाळी सगळे एका दिशेला, संध्याकाळी सगळे उलट. कितीही रुंद रस्ता या भरती-ओहोटीला पुरणार नाही. शिवाजीनगर ते हिंजवडी ही 23 किलोमीटरची मेट्रो हवीच आहे, पण कामाजवळ घरं असती तर यातला बराच प्रवास टळला असता. मगरपट्ट्यात हे घडलं. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी जमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र केली, आणि सुमारे 400 एकरांवर घरं, कार्यालयं, शाळा, बाग एकाच ठिकाणी आली. ती वसाहत स्वस्त नाही आणि तिच्या गेटबाहेर हडपसरची कोंडी आहेच. तरी तिथे चालत कामाला जाणारी माणसं आहेत, हिंजवडीसाठी रोज शहर ओलांडावं लागतं.

टॉवरबद्दलची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आत 4 पर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळू शकतो. तो वापरून फक्त चार पार्किंगवाले आलिशान फ्लॅट झाले, तर मेट्रोला प्रवासी मिळणार नाहीत आणि सांडपाण्याची वाहिनी तेवढी तुंबेल. तिथे लहान घरं, भाड्याची घरं, मर्यादित पार्किंग आणि तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड केलेली दुकानं असा आग्रह धरायला हवा. आणि एवढ्या नव्या माणसांना पाणी कुठून आणायचं? ती माणसं शहरात येणारच आहेत. स्थानकाजवळ जागा नसेल तर उंड्री-पिसोळीला जातील आणि टँकर मागवतील.

‘पुणेकराच्या रक्तातच दुचाकी आहे.’

हे पुणे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून सायकलने जायचे, सहा-सात किलोमीटर, पहाटेच्या पाळीला शंभर-शंभर सायकलींच्या घोळक्यात. तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की पुणेकराच्या रक्तात सायकल आहे. मग वाडा पडला, आम्ही धनकवडीला गेलो. अंतर दुपटीच्या वर गेलं, पाळीच्या वेळेला बस नव्हती. वडिलांनी सहा महिने सायकल रेटली. नंतर सोसायटीचं कर्ज काढून स्कूटर घेतली आणि आईला म्हणाले, “कारखान्याजवळ घर मिळालं असतं, तर हे पैसे वाचले असते.”