तळं पांढरं दिसलं की गाडी घाला म्हणे!

मंगळवारी रात्री साडेदहाला आईचा फोन. “अरे, बंटी त्या गोठलेल्या तळ्यावरून गाडी नेऊन राहिला म्हणे. व्हॉट्सॲपवर आलं आहे, पांढरं दिसलं की चालते. तरी तू एकदा पाहून घे.”

बंटी म्हणजे ताईचा मुलगा. कॅनडात शिकतो. नाताळच्या सुटीत मित्रांबरोबर यलोनाइफला जाऊन ग्रेट स्लेव्ह तळं बघायचा त्याचा बेत आहे. व्हॉट्सॲपवर आलेली चीज म्हणजे ‘उपग्रहांचा बर्फ-घोटाळा’ नावाचा लांबलचक मेसेज. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून तो आईकडे गेला, आईकडून ताईकडे, आणि तिथून थेट बंटीच्या फोनवर. नागपूरचं त्रिमूर्तीनगर ते कॅनडा, दोन तासांत.

मेसेजचं म्हणणं असं. उत्तरेकडची तळी आता उशिरा गोठतात आणि लवकर मोकळी होतात, हे शास्त्रज्ञ उपग्रहांच्या जोरावर सांगतात. पण उपग्रहाला अंधारात आणि ढगांतून दिसत नाही, ढग अन् बर्फ दोन्ही पांढरे, म्हणून आकडे बसल्या जागी बनवलेले. उपग्रह आत्ता आत्ताचे, मग जुन्या काळाशी तुलना कशी? २०१४ साली तर अमेरिकेतली मोठी तळी जवळजवळ पूर्ण गोठली होती. रशियातल्या बैकल तळ्यावरची गूढ वर्तुळं लपवली जातात. बर्फ वितळून समुद्र वाढेल ही भीतीही खोटी. आणि शेवटी टीप: नासाच्या फुकट नकाशावर तळं पांढरं दिसलं की बर्फ पक्का, बेधडक गाडी न्या.

म्हणजे उपग्रह शास्त्रज्ञांसाठी आंधळा, आणि आमच्या बंटीसाठी डोळस. वा!

बाकी मुद्दे नुसते चुकीचे आहेत, ही टीप जीव घेईल. म्हणून आधी तीच घेतो. तळ्याचं पाणी शांतपणे गोठून जो स्वच्छ बर्फ होतो, तो सगळ्यात मजबूत. तो पारदर्शक असतो, खालचं पाणी त्यातून दिसतं, त्यामुळे वरून बघितलं तर तो काळपट दिसतो. त्याला तिकडे काळा बर्फच म्हणतात. पांढरं दिसतं ते वर पडलेलं हिम, नाहीतर हिम भिजून पुन्हा गोठल्यावर झालेला बुडबुड्यांचा बर्फ. हा पांढरा बर्फ स्वच्छ बर्फाच्या साधारण निम्म्याच ताकदीचा धरतात. वर हिमाची गादी असली की खालच्या पाण्यातली ऊब बाहेर पडत नाही, त्यामुळे बर्फ जाड व्हायलाही वेळ लागतो. रजई पांघरलेलं तळं ते! म्हणजे नकाशावर सगळ्यात पांढरंशुभ्र दिसणारी जागाच कच्ची असू शकते.

त्यात तो फुकट नकाशा केवढ्या पिक्सेलचा असतो? अगदी चांगला असला तर २५० मीटरचा. एका ठिपक्यात आपलं यशवंत स्टेडियम जवळजवळ मावेल. दोन हात रुंदीची भेग, नदीच्या तोंडाशी प्रवाहाने खालून खाल्लेला बर्फ, यातलं काही त्यात दिसत नाही. जाडी तर नाहीच नाही. पायी चालायला निदान चार इंच स्वच्छ बर्फ लागतो, मोटारीला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि पांढरा असेल तर हे आकडे पुन्हा दुप्पट करायचे. वसंतात आणखी एक गंमत होते. बर्फ फूटभर जाड असतो, पण आतून उभ्या सुयांमध्ये सुटलेला असतो, मेणबत्त्यांची जुडी बांधून ठेवावी तसा. वरून पांढराच. पाय ठेवला की जुडी सुटते.

यलोनाइफहून डेट्टाह गावाला जाणारा सुमारे साडेसहा किलोमीटरचा रस्ता दर हिवाळ्यात याच तळ्याच्या बर्फावरून निघतो. तो कोणी नकाशा पाहून उघडत नाही. माणसं बर्फावर जाऊन भोकं पाडतात, जाडी मोजतात, आणि मग किती किलोपर्यंतची गाडी चालेल याचा बोर्ड लावतात. तो बोर्ड वाचायचा. बोर्ड नसेल तर काठावर उभं राहून फोटो काढायचा अन् परत फिरायचं.

आता अंधार आणि ढग. यावर मला जास्तच राग आला, कारण पोटापाण्यासाठी मी हेच करतो. बारा वर्षं उपग्रहाच्या इमेजवरून संत्र्याच्या बागांचे नकाशे काढतोय. जुलै-ऑगस्टमध्ये काटोल-नरखेडचा सीन उघडला की कापूस पसरल्यासारखा ढग, झाड एक दिसत नाही. इथपर्यंत मेसेजवाल्याचं खरं आहे, मान्य करतो: साधा कॅमेरा असलेल्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही, अंधारातलंही नाही. ग्रेट बेअर तळं तर उत्तर ध्रुववृत्तावरच पसरलेलं, तिथे ऐन हिवाळ्यात दिवस म्हणजे जेमतेम उजेड.

पण मग आम्ही काय करतो? रडार डेटा घेतो. रडारचा उपग्रह सूर्यावर अवलंबून नसतो. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत येणारा पडसाद ऐकतो. या लहरी काही सेंटिमीटर लांबीच्या, ढगांतून आरपार जातात, रात्र असो की दुपार. युरोपचा सेंटिनेल-१ २०१४ पासून हेच करतोय. परदेशाचं नाव आलं की बनाव वाटत असेल, तर आपल्या इस्रोचा रिसॅट-१ त्याच्याही आधी, २०१२ ला गेला. २०२२ ला ईओएस-०४ गेला, आणि जुलै २०२५ मध्ये नासा अन् इस्रोचा मिळून निसार. पुराचं पाणी कुठवर पसरलं हे ऐन पावसाळ्यात ढगांखालून कळतं ते असल्याच रडारमुळे. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं राज्याचं केंद्र आपल्या व्हीएनआयटी कॉलेजच्या आवारात आहे, इस्रोचंही एक केंद्र याच शहरात आहे. आणि याच शहरात बसून लोक लिहितात की उपग्रहाला रात्री दिसत नाही. काय बोलावं!

तळ्यावर रडार असं चालतं: शांत पाण्यावर लहर आरशासारखी दुसरीकडे उडून जाते, म्हणून पाणी काळं दिसतं. बर्फात भेगा, बुडबुडे, खडबडीतपणा असतो, म्हणून लहर परत येते आणि बर्फ उजळ दिसतो. यातही फसगत होते. वारा सुटला की लाटांमुळे पाणीही उजळ दिसतं, आणि वितळायला लागलेला ओला बर्फ लहर गिळून टाकतो, तो काळा दिसतो. म्हणून एकाच इमेजवर कोणी निकाल देत नाही. मागचे-पुढचे सीन लावतात, तापमान बघतात, मिळाली तर ग्राउंड ट्रुथ, म्हणजे जागेवर जाऊन केलेली नोंद, बघतात. कंटाळवाणं काम आहे हो. बसल्या जागी आकडे बनवणं फार सोपं गेलं असतं.

ढग अन् बर्फ दोन्ही पांढरे, हे डोळ्यांना. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात बहुतेक ढग उजळ राहतात आणि बर्फ काळा पडतो. शिवाय ढग सरकतो. तळं कुठे जाणार?

पुढचा मुद्दा जुन्या काळाशी तुलनेचा. उपग्रहांच्या नोंदी तोकड्या आहेत, ही अर्धी गोष्ट खरीच. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ चा, आणि रोज चित्र देणारा टेरा उपग्रह १९९९ च्या डिसेंबरात गेला. पण तळं गोठल्याची तारीख लिहायला उपग्रह कशाला हवा? जपानच्या सुवा तळ्याकाठचे पुजारी १४४३ पासून ती लिहीत आलेत, कारण बर्फावर उठणारी कड म्हणजे देवाची पाऊलवाट अशी त्यांची श्रद्धा. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरच्या टोर्ने नदीवर बर्फ फुटल्याची तारीख १६९३ पासून नोंदलेली आहे. अशा हाताने लिहिलेल्या नोंदी गोळा करून जॉन मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हिशेब मांडला: १८४६ ते १९९५ या काळात उत्तर गोलार्धातली तळी आणि नद्या शंभर वर्षांमागे सरासरी ५.८ दिवस उशिरा गोठू लागल्या आणि ६.५ दिवस लवकर मोकळ्या होऊ लागल्या. यातल्या बहुतेक नोंदी उपग्रहाचा जन्मही झाला नव्हता तेव्हाच्या. बनाव असेल तर १४४३ च्या पुजाऱ्यांनाही त्यात सामील धरावं लागेल.

२०१४ चं म्हणाल तर आकडा खरा आहे. त्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पंचमहासरोवरांवर ९२ टक्क्यांवर बर्फ होता. दोनच वर्षं आधी, २०१२ ला, तो १३ टक्क्यांच्या वर गेला नव्हता, हे मेसेजमध्ये नाही. एका वर्षावरून हवामान ठरवायचं तर नागपुरात एखादा मे महिना पावसात गेला की कूलर भंगारात द्यावे लागतील.

बैकलची वर्तुळं कोणी लपवलेली नाहीत, उपग्रहाच्याच इमेजमध्ये सापडली. पाच-सात किलोमीटर व्यासाची. बर्फाखाली आजूबाजूपेक्षा जरा उबदार पाण्याचा भोवरा फिरतो आणि कडेचा बर्फ खालून पातळ करतो. बर्फावर उभ्या माणसाला ते वर्तुळ दिसत नाही, वरूनच दिसतं. अशा ठिकाणी उपग्रह खरंच गाडीवाल्याच्या कामाचा. पण तो ‘इथे जाऊ नका’ सांगायला.

आणि समुद्र? तळ्यावर तरंगणाऱ्या बर्फाने समुद्र वाढेल असं कोणी म्हटलेलंच नाही. रसवंतीवर उसाच्या रसात बर्फ विरघळला म्हणून ग्लास ओसंडलेला पाहिलाय का कधी? समुद्राची भीती आहे ती जमिनीवरच्या बर्फाची, ग्रीनलंड-अंटार्क्टिकाची.

आज सकाळी बंटीचा मेसेज आला. डेट्टाहचा रस्ता अजून उघडलेला नाही, म्हणून काठावरच फिरणार आहेत. आईला लगेच फोन करून सांगितलं, काळा बर्फ, पांढरा बर्फ, बोर्ड, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“हो का,” ती म्हणाली. “पण मग नकाशावर पांढरं दिसते ते?”