अँबॅसिडर मार्क ३ च्या दरवाजांबद्दलच्या रिव्ह्यूला आमच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. सांगितलेल्या तारखेला गाडी मिळाली नाही, त्याबद्दल माफी मागतो. पण "दोन दरवाजांचे पत्रे बदलायला तीन आठवडे सांगून अडीच महिने गाडी अडकवली, उद्यमनगरात सगळे असेच" हे तसंच सोडता येत नाही. ते वाचून परवाच एकानं ठरलेलं जीपचं काम थांबवलं. आणि कोल्हापूरच्या बाकीच्या उद्यमनगरानं, इथल्या सगळ्या वर्कशॉपवाल्यांनी, तुमचं काय घोडं मारलं होतं?

गाडी ९ जूनला आली, ९ ऑगस्टला गेली. म्हणजे ६१ दिवस. अडीच महिने कुठून आले?

तीन आठवडे सांगितले होते ते डावीकडच्या दोन दरवाजांचे, आतला सांगाडा धड असेल आणि पत्रा मापात असेल तर. जुना पत्रा उतरवला आणि पुढच्या दरवाजाचं मागचं टोक हातानं वर उचलून बघितलं, तर बिजागरी घट्ट होती, पण बिजागरी ज्यावर बसते तो बॉडीचा उभा खांब, म्हणजे पिलरच, खालून हलत होता. दरवाजाखालची आडवी पट्टी, म्हणजे सिल, आतून कुजलेली, स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. अशा पिलरवर नवा पत्रा चढवून दरवाजाभोवतीची फट, म्हणजे गॅप, जुळवला तर महिन्याभरात दरवाजा लोंबतो. वर फट पडते आणि खाली सिलला घासतो. त्याच संध्याकाळी तुम्हाला फोटो पाठवले, आकडाही सांगितला. तुमचं "करा" अकराव्या दिवशी आलं. विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाची सिल कापत नाही आम्ही.

सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत पाइप आडवा टाकून दोन्ही पिलर बांधावे लागतात, कर्णाची मापं घ्यावी लागतात, नाहीतर बॉडी मधे खचते आणि मग कुठलाच दरवाजा कुठेच लागत नाही. सिल आणि पिलरचा तळ मिळून बारा दिवस गेले. रिव्ह्यूत जे १४ हजार "वरचे" म्हणून लिहिलेत ते हेच. फोनवर सांगितलेला आकडा आणि बिलातला आकडा एकच आहे, काढून बघा.

आता पत्रे. ते तुम्ही आणलेले. आम्ही बनवून देतो म्हटलं होतं, तुम्ही म्हणालात ओळखीत स्वस्त मिळाले. असू दे. पण बाहेरचा पत्रा सांगाड्याला धरून राहतो तो कडेच्या घडीवर. १० ते १२ मिलिमीटर कड आत दुमडायला लागते. तुमच्या पत्र्याला खालच्या बाजूला ६ होती, कोपऱ्यात ५. एवढी कड दुमडली तरी धरत नाही, दरवाजा चार वेळा आपटला की उसवते. शिवाय पत्रा २२ गेजचा, म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर. हे कळलं सिल झाल्यावर, पत्रा सांगाड्यावर धरून बघितला तेव्हा. आल्या दिवशीच मापायला हवा होता, तेवढं आमचं चुकलं.

मग खाली २० गेजची, म्हणजे जरा जाड, पट्टी जोडली. एवढ्या पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग ओढलं की पत्रा ताणून पोट येतं, आणि बोटानं दाबलं तर तेलाच्या डब्यासारखा डबडब वाजतो. म्हणून एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, मधे ओलं फडकं, थंड झाल्यावर पुढचा. मग जोड घासून, मागं डॉली म्हणजे लोखंडी ठोकळा धरून, सपाट करायचा. दोन दरवाजांना सहा दिवस लागले, आणि या सहा दिवसांचा एक रुपयाही बिलात नाही.

जोडणीतही घाई चालत नाही. आधी मागचा दरवाजा, कारण त्याच्या मागची बॉडी हलत नाही. त्याच्या अंदाजानं पुढचा, आणि बोल्टवरचं मडगार्ड सगळ्यात शेवटी. पत्रा आधी नुसता क्लॅम्पवर धरून, दरवाजा टांगून, गाडी जॅकवर न ठेवता चाकांवर ठेवून गॅप बघतो. सांगाड्यावर पत्रा दोनेक मिलिमीटर इकडं-तिकडं सरकतो, तेवढीच संधी. घडी बसली की संपलं. घडीसुद्धा एका दमात मारायची नसते. आधी सगळीकडून अर्धी, मग अजून थोडी, मग सपाट. एकाच जागी ठोकत बसलं की कड लाटा मारते. आणि आम्ही गॅप बघत होतो त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही मित्रांना घेऊन आलात आणि क्लॅम्पवरचा दरवाजा त्यांना उघडून दाखवलात. कुणी काही बोललं नाही, पण सकाळी सगळी मापं पुन्हा घेतली.

हिशेब असा: मूळ २१, उत्तराची वाट ११, सिलचे १२, पट्टीचे ६. झाले ५०. उरलेल्या अकरांतले सात पावसाचे. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. घासून उघडा केलेला पत्रा इथं रात्रीत तांबूस होतो, आणि त्यावर तशीच पुट्टी ओढली तर पुढच्या वर्षी फोड येतात. राहिले चार. त्या चार दिवसांत विम्याची एक गाडी मधे घेतली, हे कबूल.

दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही असंही लिहिलंत, ते खरं आहे. रबर नवं आहे, तुम्ही आणलेलं जरा जाडही आहे. पंधरा दिवस वापरून आणा, लॉकची प्लेट सरकवून देतो, हे गाडी देतानाच सांगितलं होतं. अजून आला नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे लागणार नाहीत. इथून पुढं तारीख कागदावर देऊ, बाहेरून आलेला मालही आधी मापून घेऊ, बाकीचंही बघतोच.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. "अडीच महिने" तेवढं दुरुस्त करा. आणि गाडी आणाल तेव्हा चारच्या आत आणा, ट्यूबच्या उजेडात गॅप नीट दिसत नाही.