सशाची आळणी आणि मामांचं क्रिएटिनिन

परवा पाटोद्याहून मामांचा फोन. "तुझं ते पथ्य बंद कर आता. ग्रुपवर आलंय, रानातलं मटण किडनीला औषध असतंय." मामांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात साचत जाणारा कचरा, 3.4. डायलिसिस अजून लागलेलं नाही, ते लागू नये म्हणून घरादाराची धडपड चाललीय. मेसेज मागवून घेतला. त्यात म्हटलंय: बोकड-कोंबडी सोडा, ससा-तित्तर-हरीण खा, रानातल्या मांसाचा युरिया (हाही किडनीनं बाहेर टाकायचा कचराच) होत नाही, हाडांची आळणी रोज वाटीभर प्या, महिन्यात क्रिएटिनिन उतरतं.

आधी आळणीचं बोलतो, कारण ती सुरूही झाली होती. ससा मिळाला नाही म्हणून बोकडाची. मटण पाण्यात उकळलं की त्यातलं पोटॅशियम नि फॉस्फरस बरंचसं त्या पाण्यात उतरतं. म्हणून तर आहारतज्ज्ञ सांगतात, मटण भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेका, मग तुकडे शिजवा. जे मोरीत ओतायचं, तेच मामी हळद घालून, सकाळी उपाशीपोटी वाटीत देत होती. वर म्हणते, "मीठ तर नाही घातलं." बाई, मिठाचं नंतर. थकलेली किडनी पोटॅशियम नीट बाहेर टाकत नाही, आणि ते रक्तात फार चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कित्येकदा त्याआधी काही त्रासही जाणवत नाही.

क्रिएटिनिन उतरण्याचं तर नेमकं उलटं आहे. मांसात क्रिएटिन असतं, शिजताना त्यातल्या काहीचं क्रिएटिनिन होतं. मटण चापून काही तासांत रक्त दिलं तर आकडा उलट चढलेला दिसतो.

युरियाचंही तसंच. प्रथिनं पचली की युरिया होणार, मग ससा बालाघाटच्या डोंगरात चरलेला का असेना. किडनीविकारांचे जागतिक निकष ठरवणाऱ्या 'केडिगो'ने 2024 मध्ये सांगितलंय की मामांसारख्या, डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.8 ग्रॅम प्रथिनं पुरेत. मामा साठ किलोचे, म्हणजे 48 ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात वीसएक ग्रॅम असतातच. पाव किलोचा रस्सा हाणला की दिवसाचा कोटा संपला, भाकरी-वरण वेगळंच.

आता खरं तेवढं मान्य करतो. रानातल्या मांसात चरबी कमी असते. परदेशात, जिथं शिकारीला परवाना मिळतो, तिथं आहारतज्ज्ञ हरणाचं मांस मोजूनमापून खाऊही देतात. आणि डायलिसिस सुरू झालं की प्रथिनं वाढवावी लागतात, हेही खरं. पण ती अंडं, चिकन, मासे यांतूनही मिळतात.

कायद्याचं मेसेजमध्ये अवाक्षर नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ससा, तित्तर, हरीण, कशाचीच शिकार करता येत नाही. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, मारलं तर तीन ते सात वर्षं आत. क्रिएटिनिन 3.4 घेऊन मामा कोठडीत! शिवाय छऱ्याच्या बंदुकीनं मारलेल्या जनावरात शिसं राहतं, ते किडनीलाच खातं.

एवढं सगळं फोनवर सांगून झालं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"मग तुकडे तरी खाऊ का?"

"दोन. पाणी फेकून."

"सशाचे?"

"बोकडाचे, मामा. आणि सोमवारी रक्त द्यायचंय, रविवारी तेही नाहीत."