पीटर ब्रुकमुळे जगाला महाभारत कळलं म्हणे!

तो मेसेज परत फिरायला लागलाय, आमच्या नाटकवाल्या ग्रुपवर तर एकाच दिवशी तिघांनी टाकला. थोडक्यात मजकूर असा की जगाला महाभारत माहीतच नव्हतं, पीटर ब्रुक नावाच्या इंग्रजाने नऊ तासांत, रिकाम्या स्टेजवर, अख्खं महाभारत करून दाखवलं, आणि आपण करंटे लोक आफ्रिकी नटाने केलेला काळा भीम बघून बोंबा मारत बसलो. वाचायला झकास वाटतं, पण बरंचसं चुकीचं आहे.

आधी "माहीतच नव्हतं" हे बघू. चार्ल्स विल्किन्सने गीता इंग्रजीत आणली १७८५ ला. किसारी मोहन गांगुलींनी सगळं महाभारत इंग्रजीत केलं, ते १८९६ ला पूर्ण झालं. आणि जावातले लोक तर कित्येक शतकं बाहुल्यांच्या सावल्यांमधून अर्जुन-भीम बघतायत, त्यांना कोण ब्रुक सांगायला गेला होता? त्याचं नाटक आलं १९८५ ला, फ्रान्समध्ये आविन्यॉनजवळच्या एका दगडाच्या खाणीत, आणि तेही आधी फ्रेंचमध्ये, कारण १९७० पासून त्याचं सगळं बस्तान पॅरिसलाच होतं.

याच्याच पोटातला दुसरा दावा मला जास्त झोंबतो, की स्वतःच्या महाभारताचं नाटकात काय करायचं हे आपल्याला गोऱ्याने शिकवलं. अहो, खाडिलकरांचं कीचकवध १९०७ चं आहे! प्रेक्षकांना कीचकात सरळ व्हाइसरॉय कर्झन दिसायचा, आणि सरकारलाही दिसला, म्हणून तर १९१० ला बंदी आली. बंगालीत शाँवली मित्रांनी एकटीने द्रौपदी उभी केली, नाथवती अनाथवत्, त्यामागे आपल्या इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतावरचं पुस्तक युगान्त होतं, आणि तेही ब्रुकच्या आधी. धर्मवीर भारतींचं हिंदी नाटक अंधा युग मी मोजतच नाही.

"अख्खं महाभारत" म्हणाल तर नऊ तासांत ते बसणारच नाही, त्यात ब्रुकचा दोष नाही, काटछाट करावीच लागते. प्रश्न काय काटलं हा आहे. गीतेच्या जागी कृष्ण अर्जुनाशी दोन-चार वाक्यं बोलतो आणि मग कानात कुजबुजतो, आपल्याला ऐकूच येत नाही. कुणाला ही भारी आयडिया वाटेल, गौतम दासगुप्ता आणि रुस्तम भरुचा या नाट्यसमीक्षकांना नाही वाटली आणि त्यांनी तेव्हाच सविस्तर लिहिलं. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं की गोष्ट घेतली पण जात, धर्म, कर्म, ज्या मातीत ती उगवली ते सगळं झटकून टाकलं आणि उरलेल्याला "मानवजातीची कथा" म्हटलं.

म्हणजे भांडण काळ्या भीमाचं नव्हतंच मुळी. उलट मला विचाराल तर कास्टिंग हीच त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, सोतिगी कुयाते या आफ्रिकी नटाचा भीष्म नाटकावरून केलेल्या फिल्ममध्ये बघा, नुसता उभा राहिला तरी वय जाणवतं. द्रोण जपानी, धृतराष्ट्र पोलिश, आणि भारतीय म्हणाल तर फक्त द्रौपदी, मल्लिका साराभाई. दुखणं दुसरीकडे होतं. ब्रुकची मंडळी इथे येऊन छाऊ नृत्य, कथकळी, सगळं बघून गेली, आणि ज्यांनी त्यांना हिंडवलं त्यातल्या बंगालच्या नाट्यदिग्दर्शक प्रोबीर गुहांनी नंतर जाहीर तक्रार केली की काम झालं आणि हे आम्हाला विसरले. नाटक न्यूयॉर्कला गेलं, ग्लासगोला, टोकियोला गेलं, भारतात आलंच नाही. काळा भीम स्टेजवर बघून बोंबा मारायला आपण होतो कुठे?

आणि हो, "रिकामं स्टेज". न्यूयॉर्कमध्ये या नाटकासाठी एक बंद पडलेलं थिएटर दुरुस्त केलं आणि भिंती मुद्दाम पोपडे उडालेल्या दिसतील अशा ठेवल्या, पॅरिसमधल्या त्याच्या थिएटरसारख्या. गरिबी दिसावी म्हणून खर्च, हे मला फार आवडलं :)

मेसेजच्या खाली हल्ली उलटी कॉमेंटही असते, ब्रुक चोर होता, संपला विषय. तेही नाही हो. शेक्सपिअरचं त्याने केलेलं काम बघा, १९६२ चा किंग लिअर, १९७० चं मिडसमर नाइट्स ड्रीम, पांढऱ्या पेटीत झोपाळ्यावर लोंबकळणारे नट, हे करणारा माणूस चोर म्हणून निकालात निघत नाही. झोडायचंच असेल तर महाभारत सोडा, १९७५ चं द इक घ्या. युगांडातल्या एका जमातीवरचं नाटक, ज्या पुस्तकावरून केलं त्यात त्यांना माणुसकी उरली नाही असं रंगवलेलं, आणि नंतर तिथे गेलेल्या अभ्यासकाने ते चित्रच चुकीचं ठरवलं. त्या लोकांच्या वतीने भांडायला कुणी भरुचा नव्हता, म्हणून त्यावर फॉरवर्ड येत नाहीत.

मेसेजची शेवटची ओळ, "भारताने त्याची कधीच दखल घेतली नाही". २०२१ ला पद्मश्री दिली की, तो गेला २०२२ ला.