तीन भाऊ, एक आतेभाऊ आणि बाप

मन्याने फोनवर बीच बॉईज हा जुना अमेरिकन बँड लावला आणि वर म्हणाला, "बाप होता म्हणून हा बँड झाला. नाहीतर ही पोरं कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नच्या घरातच बसली असती."

संज्या उसळलाच. "बाप? १९६१ साली आईबाप मेक्सिकोला गेले, घरखर्चाला पैसे ठेवून. पोरांनी त्यातून वाद्यं भाड्याने आणली. बाप परत आल्यावर आधी भडकला!"

"आणि मग गाणं ऐकून खटपटीला लागला. पुढच्याच वर्षी कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीचा करार कोणी मिळवला?"

ते खरंच होतं. हा बाप, मरी विल्सन, स्वतः गाणी रचायचा, फारशी चालली नाहीत. मग सगळा हट्ट पोरांवर: ब्रायन, डेनिस, कार्ल. दौऱ्यावर शिवी दिली तरी दंड. शेवटी १९६४ साली पोरांनीच त्याला मॅनेजरपदावरून काढलं. त्याच वर्षी त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्यांदा एक नंबरला गेलं. संज्याने हे दोनदा सांगितलं.

"त्यात तो चुलतभाऊ, माइक लव्ह," दिल्या मध्येच.

"आतेभाऊ! मरीच्या बहिणीचा मुलगा. पुढे गाण्यांच्या श्रेयासाठी ब्रायनला कोर्टात त्यानेच खेचलं."

पण खरी ठिणगी पडली हक्कांवरून. गाण्यांचे हक्क बापाच्या ताब्यातल्या कंपनीकडे होते. १९६९ साली बापाने ते ७ लाख डॉलरला विकून टाकले.

"पोरांनी कसायची आणि सातबारा बापाचा!" संज्या ओरडला.

"तेव्हा त्यांना विचारत कोण होतं? भाव पडायच्या आत विकलं," मन्या म्हणाला. "आमच्या काकांनी हायवे यायच्या आधी रान विकलं, तेही असंच."

"बघ, तूच बोललास."

मन्या गप्प.

माझं म्हणाल तर मला बापापेक्षा ते आवाज महत्त्वाचे. एका घरात वाढलेले गळे असे मिसळतात की कुठला कुणाचा ते कळत नाही. आणि ही सगळी गुंफण करणाऱ्या ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. १९६६ची ती गाजलेली रेकॉर्ड, 'पेट साउंड्स', त्याने मोनोतच मिक्स केली, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. हे सांगितल्यावर मन्याने उजव्या कानात बोट घातलं, फोन डाव्या कानाला लावला आणि बराच वेळ तसाच बसला.

चहावाल्याने वही उघडली. "चार कटिंग कुणाच्या नावावर?"

"मन्याच्या बापाच्या," संज्या म्हणाला.